शांतिदूत रूबेन्स

सोळाव्या शतकाच्या मध्यास शेल्ट नदीकाठचे अँटवर्प हे युरोपातील सर्वांत गजबजलेले बंदर होते. नाना देशांचे व्यापारी तेथे वखारी घालून राहत. परंतु पुढील तीस-पस्तीस वर्षांत या नगराची दशा पालटली. नेदरलँड्स हा देश त्या काळी स्पेनच्या राजाच्या अमलाखाली होता. ख्रिस्ती धर्मातील जुना कॅथलिक पंथ व नवा प्रॉटेस्टंट पंथ यांच्यात वैर पेटले होते आणि त्या वैराला परसत्तेविरुद्धच्या बंडाची जोड मिळाली होती. १५६६ मध्ये नव्या पंथाच्या लोकांनी अँटवर्पच्या चर्चमधील मूर्ती आणि चित्रे फोडून टाकली. १५७६ मध्ये पगार थकलेल्या स्पॅनिश सैनिकांनी नगर लुटले आणि हजारो नागरिकांची कत्तल केली. १५८५ मध्ये दीर्घ वेढ्यानंतर ते पुन्हा स्पेनच्या हाती गेले. तेव्हा उत्तरेकडील बंडखोर प्रांतांनी नदीचे मुख अडवून धरले. समुद्रावरून येणारी गलबते थांबली. एक लाखाच्या घरात गेलेली वस्ती पन्नास हजारांच्याही खाली उतरली आणि रहदारीच्या रस्त्यांवर गवत उगवले.

या उजाड नगरात वाढलेला एक मुलगा पुढे साऱ्या युरोपचा मानकरी चित्रकार झाला. पीटर पॉल रूबेन्स हे त्याचे नाव.

त्याचा जन्म मात्र अँटवर्पमध्ये झाला नाही. त्याचे वडील यान रूबेन्स हे कायदेपंडित होते. नव्या पंथाकडे कल असल्याच्या संशयावरून आपल्यावर बालंट येईल, या भयाने ते १५६८ मध्ये सहकुटुंब जर्मनीत पळून गेले. तेथे बंडाचा पुढारी ऑरेंजचा विल्यम याच्या पत्नीचे सल्लागार म्हणून त्यांना काम मिळाले. पण त्या घराण्याच्या अब्रूला काळिमा लागेल असा अपराध त्यांच्या हातून घडला व ते बंदिवासात पडले. त्यांची पत्नी मारिया हिच्या विश्वासाचा हा घात होता. तरीही तिने पतीला क्षमा केली, विनवण्या केल्या, जामीन भरला आणि त्यांना सोडवून आणले. त्यानंतर जीगेन या लहानशा गावी नजरकैदेसारखे दिवस कंठीत असता २८ जून १५७७ रोजी पीटर पॉलचा जन्म झाला. तो दहा वर्षांचा होण्यापूर्वीच वडील वारले. दोन वर्षांनी मारिया मुलांना घेऊन अँटवर्पला परतली. धैर्य आणि शांतपणा हे जे गुण पुढे रूबेन्सच्या ठायी सर्वांना दिसले, ते या आईकडूनच आले असावेत.

अँटवर्पच्या लॅटिन शाळेत त्याला व्हर्जिल, ओव्हिड इत्यादी प्राचीन कवींची गोडी लागली. ओव्हिडचे ‘रूपांतरे’ हे काव्य म्हणजे ग्रीक पुराणकथांचा सागरच होय. ग्रीकांचे देव रोमन लोकांनी आपलेसे केले तेव्हा त्यांची नावे पालटली: वज्रधारी झ्यूसचा ज्युपिटर झाला, विद्या व रणनीती यांची देवता अथेना ही मिनर्व्हा झाली, युद्धदेव एरीस हा मार्स झाला आणि सौंदर्यदेवता ॲफ्रोडाइटी हिला व्हीनस म्हणू लागले. या देवांची पूजा बंद होऊन हजाराहून अधिक वर्षे लोटली होती. कथा मात्र विद्वानांच्या आणि राजेरजवाड्यांच्या मुखी राहिल्या होत्या. आपल्याकडे निरक्षर माणसालाही जशी रामकथा ठाऊक असते, तशी त्या काळच्या युरोपातील प्रत्येक शिकलेल्या माणसाला ही दैवते त्यांच्या शस्त्रांवरून आणि वाहनांवरून ओळखता येत.

घरची स्थिती ओढगस्तीची असल्याने तेराव्या-चौदाव्या वर्षीच शाळा सुटली. काही काळ एका सरदारपत्नीच्या पदरी त्याने हुजऱ्याचे काम केले. दरबारी रीतभात तो तेथे शिकला. तिचा उपयोग त्याला जन्मभर झाला. पण त्याचे मन कुंचल्याकडे ओढ घेत होते. तीन गुरूंच्या हाताखाली त्याने चित्रकलेचे शिक्षण घेतले. त्यांतील शेवटचा, ऑटो व्हान व्हेन, हा स्वतः मोठा व्यासंगी होता. १५९८ मध्ये चित्रकारांच्या संघाने रूबेन्सला स्वतंत्र चित्रकार म्हणून मान्यता दिली. १६०० साली, तेविसाव्या वर्षाच्या सुमारास, तो इटलीच्या वाटेला लागला.

इटलीत तो आठ वर्षे राहिला. मांटुआच्या ड्यूकने त्याला आपल्या पदरी ठेवून घेतले. व्हेनिसमध्ये तिशियनच्या रंगांनी तो मोहून गेला. रोममध्ये मायकेलअँजेलोची चित्रे आणि भूमीतून उकरून काढलेले प्राचीन संगमरवरी पुतळे त्याने दिवसेंदिवस समोर बसून रेखाटले. पुतळ्यांवरून शिकावे, पण रंगविताना दगड दिसू नये, जिवंत मांस व रक्त दिसावे, असा त्याचा कटाक्ष असे.

१६०३ मध्ये ड्यूकने स्पेनच्या राजासाठी घोडे, रथ आणि चित्रे यांचा नजराणा देऊन रूबेन्सला त्याबरोबर धाडले. वाटेत कित्येक दिवस पावसाची झड लागली. नगराला पोचून पेट्या उघडतात तो काय, चित्रांना ओल लागून रंगांचे पोपडे निघाले होते! दुसरा एखादा हबकून गेला असता. राजा परगावी होता, तेवढी सवड साधून रूबेन्सने बिघडलेली चित्रे दुरुस्त केली आणि हसरा डेमोक्रिटस व रडवा हेराक्लिटस या दोन ग्रीक तत्त्ववेत्त्यांचे एक नवे चित्र स्वतः रंगवून नजराण्यात घातले. चित्रे घेऊन परराज्यात जाण्याचा हा त्याचा पहिला प्रसंग.

१६०८ च्या शरदात आई अत्यवस्थ असल्याचे पत्र रोमला आले. तो तडक घोड्यावर बसून निघाला. पण अँटवर्पला पोचला तेव्हा सारे आटोपले होते. आईची अखेरची भेट झाली नाही.

तो परतणार होता इटलीला, पण राहिला अँटवर्पलाच. १६०९ मध्ये स्पेन आणि उत्तरेकडील प्रांत यांच्यात बारा वर्षांचा युद्धविराम ठरला. नेदरलँड्सचा दक्षिण भाग स्पेनच्या वतीने सांभाळणारे आल्बर्ट व इझाबेला या राजदांपत्याने त्याला दरबारी चित्रकार नेमले आणि राजधानी सोडून आपल्या गावी राहण्याची मोकळीक दिली. त्याच वर्षी इझाबेला ब्रांट या तरुणीशी त्याचा विवाह झाला. त्याने प्रशस्त घर बांधले व चित्रशाळा उभारली. जी चर्चे चाळीस वर्षांपूर्वी उघडीबोडकी केली गेली होती, त्यांना आता नवी चित्रे हवी होती. रूबेन्सने अँटवर्पसाठी रंगविलेली क्रुसारोहणाची आणि क्रुसावरून येशूचे शव उतरविण्याची प्रचंड चित्रे पाहण्यास लोकांची रीघ लागली.

त्याच सुमारास त्याने प्रोमीथ्यूसचे चित्र हाती घेतले. स्वर्गातील अग्नी चोरून मानवाला दिला म्हणून देवराजाने प्रोमीथ्यूसला कड्याला जखडले. रोज एक गरुड येऊन त्याचे यकृत फाडून खाई आणि ते रात्रीतून पुन्हा वाढे, अशी ही कथा. मूळ कथेत यातना अनंत काळाची आहे, पण चित्रकाराला एकच क्षण मिळतो. रूबेन्सने तो कसा साधला पाहा. सुमारे आठ फूट उंचीच्या या चित्रात प्रोमीथ्यूसचा देह वरून खाली तिरपा कोसळला आहे. डोके खाली, पाय वर. गरुडाने एक नखर त्याच्या चेहऱ्यातच रुतविले आहे. तरीही तो वीर डोळे मिटून घेत नाही. तो गरुडाकडे रोखून पाहत आहे. खाली कोपऱ्यात ती चोरलेली मशाल अजून जळते आहे. ही तिरपी रचना, ही उसळी, प्रकाश व काळोख यांचे हे द्वंद्व म्हणजेच ज्याला बरोक शैली म्हणतात तिचे मर्म. गरुड मात्र रूबेन्सचा नव्हे. पशुपक्षी रंगविण्यात निष्णात असलेल्या फ्रान्स स्नायडर्स या मित्राकडून त्याने तो काढून घेतला होता आणि चित्र विकताना ही गोष्ट लपविली नाही. आज हे चित्र अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे आहे.

रूबेन्सची चित्रशाळा एखाद्या कारखान्यासारखी चाले. तो आराखडा करी, शिष्य रंग भरीत, शेवटचा हात तो स्वतः फिरवी. व्हान डाइकसारखा पुढे नामांकित झालेला चित्रकार त्याच्या हाताखाली होता. रूबेन्स पहाटे चार वाजता उठे. काम चालू असता कोणीतरी प्राचीन ग्रंथ वाचून दाखवी. १६२१ मध्ये डेन्मार्कचा एक तरुण त्याला भेटावयास आला. रूबेन्स एकीकडे चित्र रंगवीत होता, दुसरीकडे रोमन इतिहासकार टॅसिटस ऐकत होता, तिसरीकडे लेखनिकास पत्र सांगत होता आणि पाहुण्यांच्या प्रश्नांना उत्तरेही देत होता. हे पाहून तो तरुण थक्क झाला.

फ्रान्सची राजमाता मारी द मेदिची हिने १६२२ मध्ये आपल्या चरित्रावर चोवीस भव्य चित्रे काढण्याचे काम त्याला सांगितले. काम मानाचे खरे, पण अडचणीचे. पुत्राशी तिचा कलह झाला होता; वर्णन करावे असे पराक्रम तिच्या आयुष्यात फारसे नव्हते. रूबेन्सने तिच्याभोवती सारे ग्रीक देवमंडळ जमविले. ती जहाजातून उतरते तेव्हा खाली समुद्रदेव आणि जलकन्या नाव सांभाळतात. तिची तसबीर राजापुढे धरली जाते तेव्हा वरून ज्युपिटर व त्याची राणी पाहतात. ही चित्रे पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. रंगकाम अप्रतिम आहे, परंतु देवांना भाटांचे काम दिले आहे, हेही नाकारता येत नाही. देवांना याहून मोठ्या कामाला लावण्याची वेळ पुढे येणार होती.

१६२१ मध्ये युद्धविरामाची मुदत संपली आणि रणशिंगे पुन्हा वाजू लागली. जर्मनीत तर १६१८ पासूनच वणवा भडकला होता. तीस वर्षांचे युद्ध म्हणून ते इतिहासात कुप्रसिद्ध आहे. याच सुमारास रूबेन्सच्या घरावरही आघात झाले. १६२३ मध्ये बारा वर्षांची कन्या क्लारा सेरेना गेली आणि १६२६ मध्ये पत्नी इझाबेला वारली. घरातील प्रत्येक वस्तू तिची आठवण करून देई. प्रवासात तरी मन रमेल, असे त्याला वाटू लागले.

आल्बर्टच्या मृत्यूनंतर राज्य चालविणाऱ्या इझाबेला राणीचा त्याच्यावर पूर्ण विश्वास होता. इंग्लंड आणि स्पेन यांचे युद्ध थांबले, तर नेदरलँड्सलाही शांतता लाभेल, असा उभयतांचा होरा होता. चित्रे रंगविण्याच्या निमित्ताने रूबेन्स कोणत्याही दरबारात जाऊ शके. राजा समोर तासन्‌तास बसे आणि संशय न येता बोलणी होत. स्पेनचा राजा चौथा फिलिप याला प्रथम हे रुचले नाही. हाताने काम करून पोट भरणाऱ्या माणसाने राज्याराज्यांतील वाटाघाटी कराव्यात, हे त्याला कमीपणाचे वाटले. १६२८ मध्ये रूबेन्स माद्रिदला गेला, राजाची चित्रे काढली, तेथील तरुण चित्रकार व्हेलाथकेथ याच्याशी स्नेह जोडला, आणि काही महिन्यांतच त्या राजाचे मत पालटले. १६२९ मध्ये फिलिपनेच त्याला आपला चिटणीस नेमून लंडनला पाठविले.

तेथे काम सोपे नव्हते. फ्रान्सचा वकील विरुद्ध खटपटी करीत होता. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स प्रॉटेस्टंट, रूबेन्स कॅथलिक. एका पंथाने पूज्य मानलेले चित्र दुसऱ्याला मूर्तिपूजा वाटे. परंतु ग्रीसचे जुने देव कोणत्याच पंथाचे नव्हते. त्यांच्यासाठी कोणी कोणाचे रक्त सांडले नव्हते. रूबेन्सने ही गोष्ट अचूक हेरली. राजाला भेट देण्यासाठी त्याने लंडनमध्येच एक चित्र रंगविले. मध्यभागी शांतिदेवता बसली आहे आणि ती एका बालकाला दूध पाजीत आहे. ते बालक म्हणजे संपत्तीचा देव प्लूटस. तिच्यामागे शिरस्त्राण घातलेली मिनर्व्हा चिलखतातील मार्सला दोन्ही हातांनी रेटून दूर सारीत आहे. पुढे एक वनदेव फळांनी भरलेले शिंग मुलांपुढे धरतो आणि द्राक्षवेलींशी एक चित्ता मांजरासारखा खेळतो. त्यातील मुले स्वर्गातली नव्हेत. रूबेन्स ज्यांच्या घरी उतरला होता, त्या गृहस्थांचीच ती मुले होती. मार्सला हाकलले आहे, मारलेले नाही, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. तो जाता जाता मागे वळून पाहतो.

१६३० च्या मार्चमध्ये चार्ल्सने रूबेन्सला सरदारकीचा किताब दिला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात इंग्लंड व स्पेन यांच्यात तह झाला. चित्रकाराचे श्रम सफळ झाले. डिसेंबरमध्ये, त्रेपन्नाव्या वर्षी, त्याने हेलेना फोरमेंट हिच्याशी दुसरा विवाह केला. ती अवघी सोळा वर्षांची होती. तिचा चेहरा त्यानंतरच्या त्याच्या अनेक देवतांत दिसतो.

पण नेदरलँड्सला हवी होती ती शांतता आली नाही. उत्तरेकडील प्रांतांशी बोलणी फिसकटली, इझाबेला राणी १६३३ मध्ये निवर्तली आणि रूबेन्सने राजकारणातून अंग काढून घेतले. १६३५ मध्ये नवा राज्यपाल अँटवर्पला आला. त्याच्या स्वागतासाठी उभारलेल्या कमानींचे आराखडे रूबेन्सने केले. अशा प्रसंगी स्तुतीच व्हायची. पण एका कमानीवर व्यापाराचा देव मर्क्युरी नगर सोडून उडून जाण्याच्या बेतात दाखविला होता. जवळच शेल्ट नदीचा देव पायांत शृंखला घेऊन झोपला होता आणि बेकार खलाशी बसले होते. नव्या राज्यकर्त्याला आपल्या नगराचे दुःख ऐकविण्याची ही रीत होती.

त्याच वर्षी त्याने गावाबाहेर एक गढी विकत घेतली. संधिवाताने त्याची बोटे आखडू लागली होती. तरी १६३६ मध्ये फिलिप राजाने आपल्या मृगयागृहासाठी ओव्हिडच्या कथांवर साठाहून अधिक चित्रे मागविली, तेव्हा त्याने बहुतेक साऱ्या कथांचे लहान लहान आराखडे स्वतः रंगविले आणि मोठी चित्रे पुष्कळशी इतरांकडून करविली. मेणाने चिकटविलेले पंख वितळून आकाशातून कोसळणारा इकॅरस आणि हताशपणे त्याच्याकडे पाहणारा त्याचा बाप यांचा आराखडा ब्रुसेल्सला आहे. तो वीतभर आकाराचा असूनही मोठ्या चित्रापेक्षा अधिक जिवंत वाटतो.

१६३८ मध्ये त्याने फ्लॉरेन्सच्या ड्यूकसाठी जे चित्र पाठविले, त्यात लंडनच्या चित्रातील देव पुन्हा एकत्र आले आहेत. पण आता मिनर्व्हा नाही. जेनस या रोमन देवाच्या मंदिराची दारे शांततेच्या काळी बंद असत. ती सताड उघडी आहेत. रक्ताळलेली तलवार घेऊन मार्स बाहेर पडला आहे. व्हीनस त्याच्या दंडाला बिलगून त्याला थांबवू पाहते, तर हाती मशाल घेतलेली क्रोधदेवता त्याला पुढे ओढते. भुईवर फुटकी वीणा घेतलेली स्त्री पडली आहे, मुलाला कवटाळलेली आई आहे, हातातील उपकरणासह कोसळलेला स्थापती आहे. मार्सच्या पायाखाली एक पुस्तक आणि एक रेखाटलेला कागद चिरडला जात आहे. डावीकडे काळी, फाटकी वस्त्रे ल्यालेली एक स्त्री आकाशाकडे हात पसरून आक्रोश करते. तिच्या अंगावरचे दागिने हिरावलेले आहेत. ही स्त्री म्हणजे युरोप होय. एरवी आपल्या चित्रांचा अर्थ लावण्याचे रसिकांवर सोपविणाऱ्या रूबेन्सने या चित्रातील प्रत्येक आकृतीचा अर्थ पत्राने कळविला. आपले म्हणणे चुकूनही निसटू नये, असे त्याला वाटले असावे. हे चित्र आजही फ्लॉरेन्सच्या पित्ती प्रासादात आहे.

३० मे १६४० रोजी रूबेन्सचे अँटवर्प येथे निधन झाले. त्याची शेवटची कन्या त्यानंतर आठ महिन्यांनी जन्मली. आणखी आठ वर्षांनी, १६४८ मध्ये, युद्ध थांबले. ज्याची त्याने इतकी वाट पाहिली त्या तहातच शेल्ट नदी बंद ठेवण्याचे कलम होते, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती बंदच राहिली.

चार्ल्स राजाचा १६४९ मध्ये त्याच्याच प्रजाजनांनी शिरच्छेद केला. वधस्तंभाकडे जाताना तो ज्या दालनातून गेला, त्याचे छत रूबेन्सने रंगविलेले होते. राजाचा चित्रसंग्रह विकला गेला. मिनर्व्हा व मार्स यांचे ते चित्र इटलीतील जेनोआला गेले, दीडशे वर्षांनी इंग्लंडला परत आले आणि १८२८ पासून लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात आहे.